आजींचा डावा गुडघा

कलेचा घात नेहमी सज्जनांच्या हातून होतो, असं जाणकार सांगतात. त्या सकाळी तो अर्धा किलो ग्रीसने झाला होता.

"काका, आजीचा डावा गुडघा वाजत का नाहीये?" दिग्दर्शक बाईंनी विचारलं.

"बंद केला," वंगणमामा म्हणाले, आणि शाबासकी घ्यायला मान जराशी लववून उभे राहिले. "तीन दिवस कर्र कर्र चाललं होतं. काल खोलला, पुसला, ग्रीस भरलं. आता तीन वर्षं बघायला नको."

आजी म्हणजे चार मजली उंचीची, लाकडाची आणि लोखंडाची म्हातारी. बाहेरगावच्या नाटक मंडळींनी ती आणली होती आणि तासाभरात ती शहरातल्या रस्त्यांवरून चालणार होती. दोऱ्या ओढायला वीस जण, पाठीमागे क्रेन, आणि नटबोल्ट बघायला पाणीपुरवठा खात्याने उसना दिलेला एक पंपमिस्त्री. मामांनी हात लावलेला पंप पुन्हा तक्रार करत नसे, त्यामुळे खात्यात एकतीस वर्षं त्यांची आठवण कुणाला होत नव्हती.

बाई हळूच खुर्चीत बसल्या. "काका, तो आवाज आम्ही मुद्दाम ठेवला होता. चार महिने लागले बसवायला. तो ऐकूनच लोकांना ती म्हातारी वाटते. नाहीतर काय, चालती क्रेन."

आवाज मुद्दाम ठेवणारा माणूस मामांना जन्मात पहिल्यांदाच भेटत होता. त्यांचा चेहरा उतरला.

"पुसून टाकू या ना," दोरीवाल्यांपैकी कुणीतरी म्हणालं.

"तासाभरात निघेल असं ग्रीस मी भरत नाही," मामा म्हणाले. एवढ्या संकटातही हे वाक्य ताठ मानेनेच आलं.

मग त्यांनी पिशवीतून पंपाचा एक जुना दांडा काढला, त्याभोवती पॅकिंगची कोरडी सुती दोरी आवळली आणि ओढून पाहिलं. दांडा कण्हला. "पॅकिंग सुकलं की पंप असा रडतो. जन्मभर हेच थांबवत आलोय मी. आत बसतो, पावलागणिक ओढतो."

"अकराशे पावलं आहेत, काका."

"साडेपाचशे. उजवा गुडघा चांगला आहे तिचा."

गुडघ्यामागच्या फळीवर मामांना पट्ट्याने बांधलं. समोर दांडा आणि खाली एक फट. फटीतून लोकांच्या चपला तेवढ्या दिसत.

पहिल्या चौकात आजी निघाल्या. मामांनी दांडा ओढला. लोक हसले.

"मागे क्रेन आहे बघ, क्रेन."

"आणि पाय हातपंपाचा लावलाय वाटतं."

मामांच्या कानाच्या पाळ्या तापल्या. हसणाऱ्याचं चुकलं नव्हतं, हेच वाईट होतं. आवाज पंपाचाच होता. बाईंची चार महिन्यांची मेहनत आपण एका संध्याकाळी पुसून टाकली, आता ती आपल्याच हातांनी परत आली नाही तर या शहरात आजी यंत्र म्हणूनच फिरणार.

त्यांनी डोळे मिटले. घरी बायको जमिनीवरून उठते तेव्हा तिच्या गुडघ्यात आधी एक बारीक अडकल्यासारखं होतं. मग ती थांबते, कुणी बघत नाही ना पाहते. मग लांबलचक कर्र.

पुढच्या पावलाला मामांनी दांडा तसा ओढला. अडकवला, थांबवला, मग लांबवला.

हसणं आटलं. चपला दोन पावलं मागे सरकल्या.

"सावकाश हो आजी, घाई नाही कुणाला."

"जिना टाळा म्हणावं यांना. मी टाळला, फरक पडला."

आवरा आवरा म्हणून शिट्ट्या फुंकणारा पोलीस ट्रकसमोर हात पसरून उभा राहिला. "थांब रे. आजींना जाऊ दे आधी."

कापडवाल्याने दुकानातून खुर्ची आणून रस्त्यात मांडली. चार मजली बाई तीवर कशी बसणार, हे त्याला कुणी विचारलं नाही. उलट दोघांनी ती पुसून दिली. कुणीतरी खालून भिरकावलेली मलमाची एक ट्यूब फटीतून मामांच्या मांडीवर येऊन पडली.

हात सोलवटला, पण त्यांनी बदलला नाही. डाव्या हाताने तो आवाज येत नव्हता. शेवटच्या चौकात आजी थांबल्या तेव्हा बाई खालून एवढंच म्हणाल्या, "काका, आमचा गुडघा असा कधी दुखला नव्हता."

घरी बायको त्यांच्या तळव्याला तेच मलम लावत होती. तिनेही शेवटच्या चौकात आजी पाहिल्या होत्या.

"एवढी धिप्पाड बाई, आणि गुडघा अगदी माझ्यासारखा."

"आत मी होतो."

तिचं बोट तळव्यावर थांबलं. "म्हणजे ऐकू येतं तर तुम्हाला," ती म्हणाली, आणि दुसऱ्या हातालाही मलम लावू लागली. त्या हाताला काही झालं नव्हतं.

सकाळी मामांनी वर्तमानपत्राच्या चार प्रती आणल्या. एक घरात, एक खात्यात, एक मेव्हण्याला, एक जादा. पहिल्या पानावर आजींचा भलाथोरला रंगीत फोटो होता.

कमरेपासून वरचा.