शेवटच्या बाकापर्यंत

“बाई, आला!” पहिल्या बाकावरून हात वर गेला.

रसायनशास्त्राच्या बाईंनी टेबलावरच्या बशीत नुकतंच सेंट ओतलं होतं. पंखे बंद, खिडक्या बंद. वास पोचेल त्याने हात वर करायचा, एवढंच. वायूंचा धडा त्या दरवर्षी असाच सुरू करत, आणि दरवर्षी कुणीतरी उगाच आधी हात वर करून बोलणी खात असे.

दुसरा बाक, तिसरा बाक. हात वर जात होते. “बघा, वारा नाही, कुणी ढकललं नाही, तरी कण आपले आपण पसरत चाललेत!” बाई अगदी रंगात आल्या होत्या.

शेवटच्या बाकावरच्या टारगट पोराने नाक धरलं. “बाई, अहो किती ओतलंय! डोकं दुखायला लागलं.”

“नाटकं पुरे,” म्हणत बाई हसल्या आणि तशाच थबकल्या. वर्गातले सगळे हात वर होते. बशी तर त्यांच्या पुढ्यात होती, आणि त्यांना कसलाही वास येत नव्हता.

त्या नाक बशीला टेकेल इतक्या वाकल्या. काही नाही. पोरं खो खो हसली. बाई गंमत करताहेत असंच त्यांना वाटलं.

तास संपताच बाईंनी प्रयोगशाळा गाठली. मागे ताप येऊन गेल्यापासून जेवण बेचव लागत होतं खरं, पण त्याचं खापर त्यांनी औषधांवर फोडलं होतं. सडक्या अंड्यासारखा वास मारणाऱ्या वायूचं द्रावण त्यांनी परीक्षानळीत घेऊन तापवलं. पाणी तापलं की त्यात विरघळलेला वायू बाहेर पडतो, हे त्या जन्मभर शिकवत आल्या होत्या. नळीच्या तोंडावरची हवा त्यांनी हाताने नाकाकडे लोटली. पुन्हा लोटली.

“अहो बाई, काय चाललंय काय!” प्रयोगशाळा सांभाळणारे मामा नाकाला रुमाल लावून धावत आले. “व्हरांड्यापर्यंत घाण सुटलीये!” त्यांनी बर्नर बंद करून धडाधड खिडक्या उघडल्या.

त्या मटकन स्टुलावर बसल्या.

“मामा, मला वासच येत नाहीये.”

“सर्दी असेल हो,” मामा म्हणाले.

“पुढचं प्रात्यक्षिक रद्द करा. गॅस सुटला तर मला कळायचं नाही. पोरांच्या जिवाशी खेळ नको.”

आणि मग त्यांना ती बरणी आठवली. त्या तशाच घरी निघाल्या.

चपलांसकट त्या आतल्या खोलीत शिरल्या आणि कपाट उघडलं. मागच्या कोपऱ्यात घट्ट बुचाची काचेची बरणी होती, कडेला ग्रीस लावून हवाबंद केलेली. आत त्यांच्या मुलीची लोकरीची टोपी. ती दोन वर्षांची असतानाच गेली, त्याला आता बरीच वर्षं झाली होती. तिच्या वाढदिवशी बाई बूच काढत, एक श्वास घेत आणि लगेच लावून टाकत. दर वेळी थोडे कण निसटतात, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. नवऱ्याला तर त्या बरणीला हात लावायचा कधी धीरच झाला नव्हता.

आज बाईंनी टोपी नाकातोंडाशी दाबून धरली. लोकर तेवढी टोचली. टोपीतला वासच उडालाय की आपल्यालाच तो येत नाहीये, हे कळायला काही मार्गच नव्हता. त्या भयंकर घाबरल्या.

“अहो! इकडे या! आत्ता या!”

नवरा धावत आला आणि टोपी पाहून दारातच थांबला. “आज का काढलीस?”

“मला वास येत नाही. कशाचाच नाही. तुम्ही बघा.”

“मी? नको गं. मला नाही जमायचं.”

“मग मी कुणाला विचारू?”

त्याने टोपी घेतली. डोळे मिटून नाकाशी नेली. त्याचे खांदे गदगदत राहिले.

“आहे का?”

त्याने मान डोलावली. “आहे.”

“मग धरून काय बसलात!” बाई ओरडल्या. “आत ठेवा ती. आधी बूच लावा.”