रोहिणीबाईंची तक्रार

संतोषने बटण दाबलं आणि कॉम्प्युटर गुणी मुलासारखा चालू झाला. त्याने मराठीत चार ओळी टाइप केल्या, त्या छापून काढल्या, रोहिणीबाईंच्या लेकीला, वेदिकाला, बंगळुरूला व्हिडिओ कॉल लावून पाहिला. "मीटिंगमध्ये आहे, आईला सांग," एवढं बोलून ती गेली. तपासणी म्हणून तेवढं पुरेसं होतं.

"बाई, सगळं चालू हे की."

"चालू आहे रे. पण हे काढ आणि माझं जुनं परत घाल," रोहिणीबाई म्हणाल्या.

संतोषने खुर्ची बाईंकडे वळवली. सायखेड्याच्या शाळेत चौथीला याच बाईंनी त्याला शिकवलं होतं. आता तो गंगापूर रोडच्या सोसायट्यांमधून कॉम्प्युटर दुरुस्त करत हिंडायचा. खरी विंडोज विकत घेणं जुन्या मशीनला परवडत नाही, म्हणून इतकी वर्षं तो सगळ्यांना चोरीचीच टाकून देत आला होता. तिला व्हायरस लागायचा, मग संतोषने येऊन सगळं पुसायचं आणि पुन्हा तीच टाकायची. या दिवाळीला मात्र त्याने मनाशी ठरवलं, चोरीचा माल बंद. यापुढे विंडोजऐवजी लिनक्स, फुकट आणि तरी हक्काचं. गिऱ्हाइकं बिचकली. कुणी म्हणे, ऑफिसातल्या फायली उघडत नाहीत. कुणी म्हणे, शेजाऱ्याला जे येत नाही ते आपल्याला काय येणार. एकट्या बाईंनी "घाल बाबा" म्हटलं, आणि त्यांचं बघून बिल्डिंगमधली दोन-तीन घरं तयार झाली. आता बाईंनीच काढून टाकलं तर तीही काढणार, आणि संतोष पुन्हा चोरीच्या विंडोजचा पेन ड्राइव्ह खिशात घालून जिने चढणार.

"अडतं कुठं, ते तर सांगा."

"पत्ते नाहीत त्यात."

त्याने पत्त्यांचा खेळ उघडून दिला. बाईंनी चष्मा लावला आणि एक राणी राजाखाली नेऊन ठेवली.

"यातली राणी ओळखीची वाटत नाही."

"राणी बदलून देतो." त्याने दिली.

"अक्षर बारीक आहे."

अक्षर मोठं झालं. बाई कॉम्प्युटरवर झाकायच्या कापडाची घडी घालू लागल्या; घातलेली घडी मोडून पुन्हा घालू लागल्या. चौथीत पाढा अडला की संतोष सदऱ्याचं टोक असंच मुरगळत बसायचा.

"बाई, खरं काय ते सांगा. मला राग नाय येणार."

"हे बिघडतच नाही," बाई म्हणाल्या. "दिवाळीत घालून गेलास, तो आज उगवलास. आधी बरं होतं. बिघडायचं, तू यायचास. पडद्यावर ते चाक गरगरत बसायचं, तोवर आपण जेवायचो. सायखेड्यात कुणाचं लग्न ठरलं, कोण गेलं, सगळं कळायचं. आता काय म्हणून बोलावू? चांगलं चाललेलं यंत्र दाखवायला कुणी माणूस बोलावतं का?"

संतोषला भरून आलं आणि जरा लाजही वाटली. लोकांच्या एकेक शंकेला द्यायची उत्तरं त्याने पाठ करून ठेवली होती, पण त्यांतलं एकही इथे कामाचं नव्हतं. त्याने घसा खाकरला आणि बाईंना धडधडीत थाप मारली.

"बाई, तुम्हाला सांगायचंच राहिलं. याला दर आठवड्याला सर्व्हिसिंग लागतं. स्वतः येऊन बघावं लागतं. नाय बघितलं तर बंद पडतं."

बाईंनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. न केलेला गृहपाठ त्या भरल्या वर्गात याच नजरेने हुडकून काढायच्या. संतोषने मान खाली घातली आणि तो माऊसची वायर सरळ करू लागला.

"दर आठवड्याला?"

"हो."

"मग राहू दे हेच. फक्त गुरुवारी येऊ नकोस. गुरुवारी माझा उपास असतो, आणि साबुदाणा तुला आवडत नाही."