पडद्यामागचा श्वास

मित्रांनो, मी माइक आहे, वायरीचा, जुन्या धाटणीचा. आता माझा कायमचा मुक्काम शाळेच्या सभागृहामागच्या अडगळीच्या खोलीत असतो. एके काळी मात्र या शाळेत माझ्यावाचून पान हलत नसे.

माझा जन्म कारखान्यातला. जाड भिंगांचा चष्मा लावलेल्या एका बाईंनी माझ्या जाळीमागे कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ पडदा बसवला आणि त्यावर हलकी फुंकर मारली. तो थरथरला, आवाज पुढे गेला आणि बाई खुदकन हसल्या. थरथरणे हेच माझे काम. म्हणूनच भीती मला चटकन कळते. घामेजलेला तळवा, सुकलेला घसा, ओठांशी येऊन अडलेला शब्द, यातले काहीच माझ्यापासून लपत नाही.

आमची शाळा सरकारी, पण तिथे प्रवेश मिळवणे म्हणजे दिव्यच. आठवीनंतर एक परीक्षा होई. तिच्यात वरचे नंबर काढणाऱ्यांनाच नववीत घेत. प्रवेश मिळाला की आईबापांची मान ताठ होई आणि मुलांची पाठ वाकू लागे. दरवर्षी पहिल्या आलेल्यांची नावे माझ्यातून पुकारत. टाळ्यांचा कडकडाट होई. त्यातल्या चार टाळ्या आपल्याही, असे मला वाटे. मागे पडलेल्यांची नावे माझ्यातून कधी कुणी घेतली नाहीत आणि मलाही त्यांची आठवण झाली नाही.

मग एका वर्षी वरून विचारणा आली. प्रवेश परीक्षा बंद करून चिठ्ठ्या टाकून मुले घ्यावीत का? अभ्यासही थोडा हलका करावा का? पालकांत दोन तट पडले. मुख्याध्यापिकांनी, म्हणजे आमच्या मोठ्या बाईंनी, संध्याकाळी सभा बोलावली.

त्या दुपारी मी याच अडगळीच्या खोलीत फळीवर पडून होतो. दार हळूच ढकलून नववीतली एक मुलगी आत आली. नाटकाच्या जुन्या मखमली पडद्यांच्या ढिगामागे ती शिरली आणि तोंडात ओढणी कोंबून रडू लागली. मी बंद होतो, पण बंद माइकलाही ऐकू येते.

"गणितात नापास," ती स्वतःशीच पुटपुटली. "आणि आज बाबा सगळ्यांसमोर माझं कौतुक करणार. आता घरी कशी जाऊ?"

शाळा सुटल्याची घंटा झाली. ती हलली नाही. शिपाईकाका मला न्यायला आले तेव्हा तिने श्वास रोखून धरला. काकांनी मला उचलले आणि दार ओढून घेतले. मला किंचाळावेसे वाटले. पण मित्रांनो, माझ्यात कुणी बोलल्याशिवाय मला आवाज नाही.

सभागृह गच्च भरले होते. पहिल्यांदा मला हाती घेतले ते औषधांच्या दुकानाच्या मालकांनी. गळा धरावा तसे त्यांनी मला धरले.

"परीक्षा काढली तर या शाळेत उरलं काय?" ते म्हणाले. "माझी मुलगी नववीत आहे. तिला सगळं झेपतंय. मुलांना सवय लावावी लागते हो!"

माझा पडदा शहारला. ते बाबा हेच.

मग बस चालवणारे एक गृहस्थ उठले. "साहेब, माझा पोरगा हुशार आहे. पण त्याला ना क्लास, ना घरी शिकवणारं कुणी. तुमच्या परीक्षेला बुद्धी दिसते की क्लास दिसतो?"

"म्हणून चिठ्ठ्या टाकायच्या? उद्या डॉक्टरही चिठ्ठी टाकूनच करा!" दुकानदार गरजले. हशा पिकला.

एका नर्सबाईंनी मला दोन्ही हातांनी धरले. "माझा मुलगा इथंच शिकतो. झोपेत दात खातो, जेवताना ताटावरून उठतो. बाहेरच्यांचं भांडण चालू दे, पण आत आलेल्यांना कुणी विचारलंय का?"

"झेपत नसेल तर नाव काढून घ्या!" मागून कुणीतरी ओरडले.

स्टेजमागच्या भिंतीपलीकडे एक पोर बसली होती. शब्द न् शब्द तिच्या कानावर पडत असणार.

तेवढ्यात वर्गशिक्षिका धावत आल्या आणि मोठ्या बाईंच्या कानाशी लागल्या. बाईंचा चेहरा उतरला. त्यांनी दुकानदारांना जवळ बोलावले.

"तुमची मुलगी जादा तासाला नव्हती. दप्तर वर्गातच आहे. गणितात मार्क कमी पडल्यापासून तिला कुणी पाहिलेलं नाही."

क्षणात सभेचा रंग पालटला. कुणी गच्चीकडे पळाले, कुणी रस्त्याकडे. "पाण्याच्या टाकीचं झाकण बघा!" कुणीतरी ओरडले. टाकीवर सर्वात आधी चढले ते बसवाले गृहस्थ.

दुकानदारांनी मला हिसकावून घेतले. "बबडे! कुठं आहेस? ताबडतोब बाहेर ये!"

त्यांचा तळवा बर्फासारखा गार पडला होता. घाबरले की त्यांचा आवाज चढतो, हे मला कळत होते. तिला कसे कळावे? भिंतीपलीकडून काहीच आले नाही.

मग तिची आई उठली. तिने नवऱ्याच्या हातातून मला सोडवून घेतले.

"बबडे, मी आई. गणिताचं मरू दे. बाबा रागावलेले नाहीत गं, घाबरलेत. हात कापतायत त्यांचे. तुला ही शाळा नको असेल तर नको. तू फक्त ये."

मग स्टेजमागचे दार करकरले. केसांत धूळ, डोळे सुजलेले, अशी ती दारात उभी होती. आई धावली. बाबा मात्र स्टेजच्या पायरीवर मटकन बसले आणि लहान मुलासारखे हुंदके देऊ लागले. टाकीत उतरून शोधून आलेल्या बसवाल्यांनी, कपडे ओले असतानाच, त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

त्या दिवशी निर्णय झाला नाही. पुढे परीक्षा राहिली आणि भांडणही राहिले. बबडी वर्षअखेरीस घराजवळच्या शाळेत गेली. पुढच्या सभेला दुकानदार आले, या वेळी मला अलगद हातात घेऊन उभे राहिले. मग म्हणाले, "बोलण्याआधी आपापली मुलं कुठं आहेत, ते एकदा बघून या." आणि खाली बसले.

आता बिनवायरीचे नवे माइक आले आहेत. मी फळीवर असतो. अजूनही कुणी हे दार हळूच ढकलले की माझा पडदा थरथरतो. मित्रांनो, भीती वाटली तर एखाद्या जिवंत माणसाकडे जा, अगदी पुटपुटून का होईना, सांगा. इथे येऊन रडलात तर मी सगळे ऐकेन. पण कुणाला सांगू शकणार नाही.