मामंजींची भुरी

मामंजींची पारख अशी जबरी, की एकदा म्हणे बंद पाकिटातल्या पानाचा रोग त्यांनी पाकीट नुसतं हुंगून सांगितला. वर पाठवणाऱ्याला सर्दी झालीय, हेही. आसपासच्या मळ्यांत त्यांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

यंदा टोमॅटो सुनेने लावला होता, पहिल्यांदाच एकटीने. तो गेला असता तर मळा पुन्हा तिच्या हाती कुणी दिला नसता. आणि ऐन फुलोऱ्यात खालची पानं डागाळली. तिने एक पान आणून दाखवलं.

“मामंजी, करपा वाटतोय.”

मामंजींनी पानावरून अंगठा फिरवला. “वाटतोय काय? भुरी आहे भुरी! हे पांढरं पीठ दिसत नाही? गंधक मार.”

तिला दिसत होते तपकिरी डाग. ओंडका कापल्यावर दिसतात तशी वलयं त्यांत. अंगठ्याला पिठाचा कण नव्हता. तिच्या मनात पाल चुकचुकली. तिने एक निरोगी, हिरवंगार पान तोडून पुढे केलं.

“आणि हे?”

“हेही पांढरंफटक! पसरली की गं!”

तिने त्यांच्या डोळ्यांत पाहिलं. बुबुळांवर जाड साय धरली होती.

दारात शेजारची काकू तसलंच डागाळलेलं पान घेऊन उभी. “बघ, माझंही हेच. आजच गंधक आणते.”

सुनेच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण मामंजींना परक्यांसमोर आंधळं ठरवून त्याच घरात जेवायचं कसं? तिने शब्द गिळला, आणि करप्याचं औषध आणून गुपचूप फवारलं.

तिचे टोमॅटो लालबुंद झाले. काकूच्या मळ्यात नुसत्या काड्या उरल्या. काकू तणतणत आली, तर मामंजी उलट तिच्यावरच घसरले, “प्रमाण चुकलं तुझं! सुनेने बघ, सांगितलं तसं मारलं.”

काकू वळली. “खरंच गं? गंधकच मारलंस?”

मामंजींनीही मान वळवली, तीही अंदाजाने. नजर दाराच्या चौकटीवर गेली.

“हो काकू. गंधकच.”

“मग माझंच चुकलं असेल,” काकू पार विझली. “पाठीची सालटं निघेस्तोवर पंप वाहिला गं मी.”

सुनेने तिला पाटीभर टोमॅटो दिले. काकूने ते डोक्यावर घेतले, आणि जाताजाता तिला तोंडभरून आशीर्वाद दिला.