रिकामी सतरंजी

नाजियाने मोबाइल शिलाई मशीनवर उभा केला, मागे मिठाचा पुडा लावला आणि ओसरीत बसलेल्या पाचही जणी त्यात मावतात का ते पाहिलं. सासू बिस्मिल्लाबी अगदी समोर, शेजारच्या वच्छलाकाकू तिला खेटून. बाकीच्या तिघी चहाच्या बोलीवर आल्या होत्या. फवारणीच्या दिवसांत वलगावात सकाळी रिकाम्या बायका सापडणं म्हणजे उंबराचं फूलच.

आरोग्य शिक्षणाच्या ऑनलाइन प्रमाणपत्राची ही शेवटची पायरी होती. सात महिने तिने चुलीपाशी, गोठ्यात, जिथे रेंज मिळेल तिथे धडे ऐकले होते. आता स्वतः एक धडा द्यायचा आणि कुठेही न कापता त्याचा व्हिडिओ संध्याकाळपर्यंत पाठवायचा. ऐकणारे शेवटपर्यंत बसलेले दिसले पाहिजेत, असा नियमच होता. अमरावतीच्या एका दवाखान्यात तिला काम मिळणार होतं, पण प्रमाणपत्र दाखवल्यावर. मोबाइलवर शिकून कोणाला पोहता येत नाही, असं सासरे अब्दुल गफ्फार येताजाता ऐकवत.

कपाशीवरच्या औषधाचे रिकामे कॅन घरोघरी होते. मजबूत, घट्ट झाकणाचे. ते धुऊन त्यातूनच शेतात प्यायचं पाणी न्यायची सगळ्यांची रीत. तिच्या घरीही तेच, आणि घरात हे बोलायची तिची छाती होत नव्हती. म्हणून तिने धड्याला हाच विषय घेतला.

“राखेनं घासा, नाही तर गरम पाण्यानं धुवा,” ती म्हणाली, “प्लास्टिकात मुरलेलं जहर निंघत नाही. वास गेला म्हणजे जहर गेलं, असं नसते.”

बिस्मिल्लाबी उठली आणि चपला न घालताच बाहेर पडली. मागोमाग वच्छलाकाकू, मग उरलेल्या तिघी.

कॅनला भोक पाडावं, म्हणजे पुन्हा कोणी वापरणार नाही, हे नाजियाने रिकाम्या सतरंजीलाच सांगितलं. मग ती मटकन खाली बसली. सात महिने मातीत गेले होते, आणि पहिली उठली ती घरचीच. तिला रडू आवरेना.

अर्ध्या तासाने बिस्मिल्लाबी धापा टाकत अंगणात आली. हातात पांढरा कॅन होता. तिच्यामागे वच्छलाकाकू दोन कॅन घेऊन, आणि सर्वांत मागे कपाळाला आठ्या घातलेले अब्दुल गफ्फार.

“हे सकायीच कॅन घेऊन वावरात गेले होते,” बिस्मिल्लाबी म्हणाली. “तू बोलून राह्यली होती, अन् मले हेच दिसून राह्यले होते, पानी पेतांनी.”

“पेले का?” नाजियाने विचारलं.

“नाही. झाकन बी उघडलं नव्हतं.”

नाजियाने डोळे पुसले. तिला एकदम हलकं वाटलं. प्रमाणपत्र गेलं तर गेलं.

वच्छलाकाकूंनी विळ्याच्या टोकाने पहिल्या कॅनला भोक पाडलं. उरलेल्या तिघीही आपापले कॅन घेऊन आल्या. अब्दुल गफ्फार सतरंजीवर टेकले.

“आता पानी कायच्यात नेऊ, थे बी शिकव,” ते म्हणाले.

त्यांना पाण्याचा तांब्या देताना तिचं मशीनकडे लक्ष गेलं. मोबाइलवर रेकॉर्डिंग अजून चालूच होतं. कापायची तर मुभा नव्हती. तिने होतं तसं सगळं पाठवून दिलं.

चौथ्या दिवशी शेरा आला: ‘श्रोते मध्येच उठून गेले. परत येताना पाहिले. उत्तीर्ण.’

बिस्मिल्लाबीने तो नाजियाकडून दोनदा वाचून घेतला. मग आपण त्यात दिसतो का, असं विचारलं.

“सगळ्यांच्या आधी, अम्मी,” नाजिया म्हणाली. “उठून जातांनी.”