बाहेरून काळं

गेल्या वर्षापासून आमच्या ह्यांची नजर अधू झाली, पण तोरा तसूभरही कमी झाला नाही. व्हायोलिनच्या खुंट्या लेथवर कातायच्या, त्याही आबनुसाच्याच, हा ह्यांचा जन्माचा धंदा. आबनुसाचं झाड बाहेरून चारचौघांसारखंच असतं. काळं असतं ते पोटातलं लाकूड, आणि ते तयार व्हायला माणसाचं आयुष्य जातं. हल्ली ते तोडूही देत नाहीत. आमच्याकडे सासऱ्यांनी ठेवलेला शेवटचा तुकडा उरला होता, जेमतेम एका वाद्यापुरता.

एक वादक बाई आपलं जुनं व्हायोलिन घेऊन आली आणि म्हणाली, "खुंट्या तुम्हीच करायच्या." हे फुलून गेले. लेक मात्र धास्तावली. तुकडा बिघडला तर बाबा पुन्हा लेथला हात लावणार नाहीत, हे तिला पक्कं ठाऊक होतं. "राहू द्या" म्हणायला जीभ रेटेना, म्हणून तिने साधं लाकूड काळं रंगवलं आणि तेच ह्यांच्या हातात दिलं. मला सगळं दिसत होतं. पण बापलेकीच्या मध्ये पडायची मला हौस नाही.

लेथ सुरू झालं, पटाशी टेकली आणि आतून पांढरंशुभ्र लाकूड निघालं. आमची हुशार लेक हे विसरलीच होती. ती श्वास रोखून उभी राहिली. हे मात्र काम करतच राहिले. बाबांना काळंपांढरंही कळत नाही, या विचाराने तिच्या डोळ्यांना धार लागली.

ह्यांनी चार खुंट्या एका ओळीत मांडल्या. अगदी एकसारख्या.

"रंग आतपर्यंत लावायला विसरलीस गं," हे म्हणाले.

"बाबा, तुम्हाला दिसलं?"

"नजर एवढीही गेलेली नाही. आणि हातात घेतलं तेव्हाच वजन कळलं."

"मग केल्यात कशाला?"

"भीती काय तुला एकटीलाच वाटते? मलाही बघायचं होतं, हात चालतो का."

लेक आत गेली. डोळे पुसून, खरा तुकडा घेऊन आली आणि ह्यांच्या तळहातावर ठेवला. तो कितीतरी वेळ हे नुसते कुरवाळत बसले.

"आता चुकलो तरी चालेल ना?" ह्यांनी हळूच विचारलं.

"चालेल, बाबा."

लेथ फिरलं. काळा भुसा उडाला आणि नेहमीसारखी पहिली शिंक ह्यांनाच आली.