विहिरीवरची जाळी

"मंग थे दोन बोल्ट माह्याजवळ नव्हते, हे बी देवानंच ठरवलं होतं का?"

शमुवेल फिटरनं असं विचारलं आणि चर्चच्या व्हरांड्यातला वाद थांबला. रविवारची उपासना संपून तास झाला होता. माणसाचं सगळं देवानं आधीच नेमलेलं असतं, असं पाळक मधुकरराव म्हणत होते. मग माणसाला स्वतःची इच्छा दिलीच कशाला, हा निवृत्त मास्तर अण्णाजींचा सवाल होता. हार मानायची सवय दोघांनाही नव्हती. गाडी आदामाच्या पापापर्यंत पोचली होती. शमुवेलला आदामाशी काही देणंघेणं नव्हतं.

आठ महिन्यांपूर्वी, एकोणऐंशीच्या उन्हाळ्यात, त्यानं रोहण्याला भागीरथाबाईंच्या विहिरीवरचं ऑइल इंजिन दुरुस्त केलं होतं. पट्ट्यावरची लोखंडी जाळी बसवायला दोन बोल्ट कमी पडले. उद्या आणू म्हणून त्यानं जाळी बाजूला ठेवली, इंजिन सुरू करून दिलं आणि कुणाला काही सांगितलं नाही. संध्याकाळी बाईंची माहेरपणाला आलेली लेक जयवंता इंजिन बंद करायला गेली. तिचा पदर पट्ट्यात ओढला गेला.

पोलिसांनी अपघात लिहिला. गाव म्हणालं, तिचं नशीब. आता पाळक म्हणाले, "देवाचा संकल्प आपल्याला कळत नाही. तू स्वतःला दोष देऊ नकोस."

"माहा दोषच नाई, तं मी माफी कशाची मांगू?"

"बघा, मी हेच म्हणतोय," अण्णाजी खुश होऊन पाळकांना म्हणाले, आणि वाद पुन्हा सुरू झाला. शमुवेलला त्या दोघांचाही राग आला. तो उठला आणि त्यानं रोहण्याची एसटी धरली.

भागीरथाबाई ओट्यावर तूर निवडत होत्या. त्यांनी त्याच्यापुढे पाण्याचा गिलास ठेवला.

"काऊन आले शमुवेलभाऊ? तिचं तेवढंच होतं. कोणी काय करन?"

"नाई बाई. जाळी मी लावली नव्हती." त्यानं सगळं सांगितलं, बोल्टांसकट.

त्यांचा हात सुपातच राहिला.

"म्या पाठवलं तिले, इंजन बंद करून ये म्हणून," त्या म्हणाल्या. "माहंच कोण्या जन्माचं पाप लेकीवर गेलं, असं समजून राह्यली होती मी. आठ महिने झाले, अळणी जेवून राह्यली."

"तुमचं काई नाई त्यात. माहं हाय."

"पट्टा उघडा हाय, हे तुले दिसत होतं?"

"दिसत होतं."

"मंग चालू काऊन केलं?"

शमुवेलनं एसटीत बसून बरीच उत्तरं जुळवली होती. त्यातलं एकही खरं नव्हतं.

"गाडी चुकली असती. घरी जायची घाई होती."

भागीरथाबाईंनी त्याच्यापुढचा गिलास उचलला, पाणी अंगणात ओतून टाकलं आणि आत जाऊन दार लावून घेतलं. थोड्या वेळानं आतून रडणं ऐकू आलं. आधी दबकं, मग मोकळं, लेकीचं नाव घेऊन.

आठ महिन्यांत त्याच्यावर कुणी रागावलं नव्हतं. शेजारची बाई कुंपणावरून बघू लागली, तरी शमुवेल हलला नाही. टोपी हातात धरून तो ओट्याखाली उन्हात उभा राहिला, आतलं रडणं थांबेपर्यंत.